बागेचे प्रश्न : निळा इव्हॉल्व्हुलस कडेला, रॉकरीत आणि कुंडीत

बुटक्या निळ्या फुलझाडांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे इव्हॉल्व्हुलसचे, म्हणजे रोपवाटिकेत ‘ब्ल्यू डेझ’ या नावाने मिळणाऱ्या झुडपाचे आहेत. हे बहुवर्षायू झाड मूळचे ब्राझील आणि लगतच्या प्रदेशांतले. उंची २० ते ३० सेंमी, पसारा ४५ ते ९० सेंमी, पाने राखाडी-हिरवी आणि लवदार, फुले साधारण २ सेंमीची, मध्ये पांढरा ठिपका. शास्त्रीय नाव इव्हॉल्व्हुलस ग्लोमेरॅटस. लेबलवर ‘नटॅलिॲनस’ किंवा ‘पायलोसस’ असे छापलेले असले तरी विक्रीला असलेले झाड बहुधा हेच असते.

प्रश्न : सकाळी झाड फुलांनी भरलेले असते, पण दुपारी तीनच्या सुमारास एकही फूल दिसत नाही. ढगाळ दिवशी तर सकाळीही नाही. झाडाला काही कमी पडते आहे का?

काहीही नाही. हे झाड मॉर्निंग ग्लोरीच्या कुळातले आहे. फूल सकाळी उमलते, दुपारी मिटते आणि पुन्हा उघडत नाही. दुसऱ्या दिवशी दिसतात ती नवीन फुले. कडक ऊन नसेल तर त्या दिवशीच्या कळ्या अर्धवट उघडतात किंवा मिटलेल्याच राहतात. वाळलेली फुले आपोआप गळतात, ती खुडत बसायची गरज नाही.

जागा निवडताना मात्र याचा विचार करा. बाग तुम्ही संध्याकाळीच पाहत असाल, तर दारासमोरची मोक्याची जागा याला देऊ नका. सकाळी सातपासून दुपारपर्यंत थेट ऊन येणारी पूर्वेची किंवा दक्षिणेची बाजू सर्वांत चांगली. रोज किमान सहा तास ऊन हवे. चार तासांत झाड जगते, पण फांद्या लांबतात, दोन पानांमधले अंतर वाढते आणि फुले शेंड्याला दोन-तीन एवढीच येतात. उन्हाळा फार कडक असेल तर दुपारनंतरची सावली चालते. सकाळची सावली चालत नाही.

प्रश्न : रोप आणून कुंडीत लावले. पहिला आठवडा छान गेला, मग पाने मलूल झाली. म्हणून रोज पाणी वाढवले, तरी तिसऱ्या आठवड्यात रोप मेले. चूक कुठे झाली?

पाणी वाढवले तिथे. इव्हॉल्व्हुलस मरतो तो बहुतेक वेळा मूळकुजीने, आणि मूळकुजीचे पहिले लक्षण तहानेसारखेच दिसते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिंब राहिली की हवेच्या पोकळ्या पाण्याने भरतात, बारीक मुळे गुदमरून मरतात आणि मेलेल्या मुळांवर बुरशी चढते. मुळेच नसल्यामुळे भोवती पाणी असूनही ते पानांपर्यंत पोहोचत नाही, पाने माना टाकतात. आपण आणखी पाणी घालतो आणि उरलेली मुळेही जातात.

पाने मलूल दिसली की आधी मातीत बोट घाला. २ ते ३ सेंमी खोल माती कोरडी असेल तर ती तहान. भरपूर पाणी द्या, काही तासांत रोप उभे राहील. माती ओली असूनही पाने पडली असतील तर पाणी ताबडतोब थांबवा आणि मुळांसकट मातीचा गोळा कुंडीतून बाहेर काढून पाहा. निरोगी मुळे पांढरट आणि ताठ असतात. कुजलेली मुळे तपकिरी होतात, चिमटीत धरून ओढली तर साल निसटून हातात येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. निम्म्याहून जास्त मुळे पांढरी असतील तर कुजलेली कापून टाका, वरच्या फांद्या तिसऱ्या हिश्श्याने छाटा, कोरड्या आणि भुसभुशीत मिश्रणात लावा आणि आठवडाभर उजेडाच्या सावलीत ठेवा. खोडाचा मातीलगतचा भाग काळा आणि मऊ पडला असेल तर ते झाड वाचत नाही. शेंड्याची टवटवीत फांदी सापडली तर तिचे कटिंग (कापून रुजवायची फांदी) करा, बाकीचे झाड मातीसकट टाकून द्या आणि ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

दुसरे कारण रोपाच्या मूळच्या गोळ्यातही असू शकते. पिशवीतले रोप बऱ्याचदा चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात किंवा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असते. चिकट गोळा भुसभुशीत मिश्रणात तसाच बसवला तर बाहेरची माती कोरडी दिसते आणि गोळा आत ओलाच राहतो. कोकोपीटचे उलटे होते. ते एकदा पूर्ण वाळले की पाणी धरत नाही, वरून ओतलेले पाणी कडेने निघून जाते. म्हणून लावण्यापूर्वी गोळा दहा-पंधरा मिनिटे पाण्यात बुडवा आणि बाहेरची एक-दीड सेंमी माती बोटांनी हलकेच मोकळी करा. मुळे गोल फिरलेली असतील तर तीन-चार ठिकाणी उभी सैल करा. पूर्ण गोळा फोडून मुळे धुऊन काढायचा उत्साह नको, ते या झाडाला सोसत नाही.

प्रश्न : कुंडीसाठी मिश्रण कोणते? तळाशी खडीचा थर द्यावा का?

बागेची माती २ भाग, चांगले कुजलेले कंपोस्ट १ भाग, भरड वाळू किंवा परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) १ भाग. माती काळी आणि चिकट असेल तर ती एकच भाग घ्या आणि वाळू दोन भाग करा. गिलाव्याची बारीक वाळू वापरू नका, ती मातीचे कण एकमेकांना चिकटवते आणि निचरा आणखी बिघडवते. वाळूचे दाणे २ मिमीच्या आसपास हवेत. सामू (पीएच) साधारण ६ ते ७.

खडीच्या थराचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो चुकीचा आहे. बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते सीमेवरच अडून राहते. त्यामुळे कुंडीच्या तळाशी असणारा ओला पट्टा खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा किंवा खापरी ठेवली की पुरे. निचरा मिश्रणातून मिळवायचा असतो. कुंडी ८ ते १० इंचांची, पसरट, तळाला एकापेक्षा जास्त भोके असलेली. रिकाम्या कुंडीत मिश्रण भरून पाणी ओतून पाहा. अर्ध्या मिनिटात खालून पाणी येऊ लागले नाही तर वाळू वाढवा.

टांगत्या कुंडीत ही फांदी फार सुंदर लोंबते. १२ इंची टोपलीत तीन रोपे बसतात. काथ्याचे अस्तर चारही बाजूंनी वाळते, त्यामुळे कडक उन्हात तिथे रोज पाणी लागू शकते.

प्रश्न : पायवाटेच्या कडेला ३ मीटर लांबीची बॉर्डर करायची आहे. किती रोपे लागतील?

सात. दोन रोपांत ४० सेंमी अंतर आणि दोन्ही टोकांना ३० सेंमी सोडा. पायवाटेच्या कडेपासूनही ३० सेंमी आत लावा, नाहीतर झाड भरल्यावर फांद्या पायाखाली येतील. २० सेंमीवर लावली तर बॉर्डर लवकर भरते खरी, पण पुढे फांद्या एकमेकांत घुसून आतला भाग दमट राहतो आणि खालची पाने पिवळी पडून गळतात. तीन-चार महिने माती उघडी दिसली तरी दिसू द्या.

शेजाऱ्यांची निवड पाण्यावरून करा. पोर्टुलाका, गझानिया, डस्टी मिलर हे याच्यासारखेच कोरडेपणा आणि ऊन मागतात. पिवळा गझानिया किंवा डस्टी मिलरच्या रुपेरी पानांशेजारी हा निळा रंग खुलतो. कोलियस, तेरडा यांना लागणारे पाणी याला मारेल.

प्रश्न : रॉकरीत, म्हणजे दगड रचून केलेल्या उंचवट्यावर लावायचा आहे. आमची माती जड आहे. रॉकरी कशी रचावी?

जड मातीच्या बागेत रॉकरी हीच या झाडाची योग्य जागा, कारण तिथे ते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वर बसते.

जागा उन्हाची, मोठ्या झाडावरचे पाणी ठिबकणार नाही अशी निवडा. तण मुळासकट काढा. हरळी आणि लव्हाळा राहिला तर दगडांखालून तो पुन्हा काढता येत नाही, सगळी रचना मोडावी लागते. या एका कामात घाई करू नका. तण काढून, पाणी घालून तीन-चार आठवडे वाट पाहा आणि पुन्हा उगवलेले पुन्हा काढा.

मग १५ ते २० सेंमी जाडीचा विटांच्या तुकड्यांचा, दगडांच्या कपच्यांचा थर घाला. त्याच्या फटींत माती उतरू नये म्हणून वर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे) कापड अंथरा आणि त्यावर किमान ३० सेंमी मिश्रण: माती, कंपोस्ट, भरड वाळू आणि बारीक खडी समभाग. (कुंडीत खडी नको आणि इथे चालते, असे का, हा प्रश्न पडेल. इथे तो थर उंची वाढवण्यासाठी आणि पाण्याला बाजूने बाहेर पडायला वाट मिळावी म्हणून आहे. वर ३० सेंमी माती असल्याने त्या सीमेवरची ओल रोपाच्या गळ्यापर्यंत, म्हणजे खोड मुळांना मिळते तिथवर, येत नाही.)

दगड एकाच जातीचे घ्या, आकार मात्र लहानमोठे. प्रत्येक दगडाचा किमान तिसरा हिस्सा मातीत गाडा. नुसता वर ठेवलेला दगड हलतो आणि त्याच्या बुडाशी पोकळी राहून मुळे वाळतात. दगडाचा वरचा पृष्ठभाग उताराच्या मागच्या बाजूला थोडा झुकलेला ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी घसरून खाली न जाता मागच्या मातीत मुरते आणि माती वाहत नाही. दगडांवरचे थर असतील तर सगळ्या दगडांत ते एकाच दिशेने ठेवा. जमिनीतून आपोआप वर आलेला खडक वाटतो. दगड बसवून झाल्यावर भरपूर पाणी मारा, दोन आठवडे माती बसू द्या, खड्डे पुन्हा भरा, मग रोपे लावा.

इव्हॉल्व्हुलस वरच्या किंवा मधल्या पायरीवर, दगडाच्या कडेला लावा, म्हणजे फांद्या दगडावरून खाली ओघळतात. सर्वांत खालच्या पायरीला पाणी जमते, तिथे नको. रोपाचा गळा आजूबाजूच्या मातीपेक्षा एक सेंमी उंच ठेवा आणि त्याभोवती २ ते ३ सेंमी जाडीची बारीक खडी पसरा. पाने मातीला टेकत नाहीत आणि गळा कोरडा राहतो. इथे पालापाचोळ्याचे आच्छादन घालू नका, ते ओल धरून ठेवते.

पहिले तीन-चार आठवडे दर दोन-तीन दिवसांनी पाणी. मुळे धरली की पावसाळ्याबाहेर आठवड्यातून एकदा खोलवर पाणी बहुधा पुरते. पाणी सकाळी, बुंध्याशी. लवदार पानांवर पाण्याचे थेंब बराच वेळ टिकतात आणि संध्याकाळी भिजवलेले झाड रात्रभर ओले राहते.

प्रश्न : दोन वर्षांचे झाड मध्ये उघडे पडले आहे. नुसत्या काड्या, हिरवळ फक्त टोकांना. जमिनीपर्यंत छाटले तर फुटेल का?

जमिनीपर्यंत छाटू नका. जुन्या, पाने गळालेल्या लाकडातून नवे फुटवे भरवशाने येत नाहीत. प्रत्येक फांदीवर काही हिरवी पाने राहतील अशा बेताने तिसरा हिस्सा काढा. पाच-सहा आठवड्यांत खालून फुटवे दिसले की उरलेल्या लांब फांद्या त्या फुटव्यांच्या वरून कापा. छाटणी वाढीच्या हंगामाच्या तोंडावर करा. ऐन थंडीत किंवा संततधार पावसात नको.

फुले येतात ती नव्या वाढीवर, पानांच्या बगलेत. त्यामुळे छाटणीला घाबरायचे कारण नाही, न छाटलेले झाडच कमी फुलते. रोप १० सेंमीचे झाले की शेंडा खुडा. पुढे वाढीच्या काळात दर सहा-आठ आठवड्यांनी सगळीकडून २-३ सेंमी कात्री फिरवा. तरीही हे झाड दीर्घायुषी नाही. दोन-तीन वर्षांनी ते थकते आणि कितीही छाटले तरी पहिल्यासारखे भरत नाही. दरवर्षी चार-पाच कटिंग्ज तयार ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग.

खताबद्दलही याच पत्रात विचारले आहे. जमिनीतल्या झाडाला वर्षातून दोनदा मूठभर कंपोस्ट पुरे. कुंडीतल्याला वाढीच्या काळात दर तीन आठवड्यांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) विद्राव्य खत, लिटरला १ ग्रॅम, ओल्या मातीत. युरिया नको. नत्र जास्त झाले की पाने मोठी आणि लुसलुशीत होतात, फुले कमी येतात आणि मावा धावत येतो.

प्रश्न : बी कुठेच मिळत नाही. कटिंग लावली ती चार वेळा काळी पडली. बरोबर पद्धत सांगा.

बागेत वाढवलेल्या झाडाला बी क्वचितच धरते. रोपवाटिकाही कटिंगनेच रोपे करतात.

कटिंग काळी पडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे प्लॅस्टिक पिशवीचे घट्ट झाकण. इतर झाडांना ते उपयोगी पडते, पण इथे लवदार पानांवर बाष्प साचते आणि ती सडतात. दुसरे कारण चुकीची फांदी. अगदी कोवळे, लिबलिबीत शेंडे सडतात आणि जुनी लाकडी फांदी मुळे धरत नाही. बोटाने वाकवल्यावर लवचिकपणे वाकते पण मऊ नाही, अशी यंदाची फांदी हवी.

आदल्या दिवशी मूळ झाडाला पाणी द्या. सकाळी ७ ते १० सेंमीची फांदी पानाच्या पेराखाली धारदार ब्लेडने कापा. खालची निम्मी पाने काढा. कळ्या आणि फुले सगळी खुडा, नाहीतर फांदीतले अन्न फुलात जाते. टोक रूटिंग हार्मोन (मुळे फुटायला मदत करणाऱ्या) पावडरीत बुडवून जादा पावडर झटका. कोकोपीट आणि परलाइट समप्रमाणात घेऊन ओले करा, मूठ आवळल्यावर एखाद-दुसरा थेंब निघेल इतके. शेणखत किंवा कंपोस्ट अजिबात मिसळू नका. काडीने भोक पाडून त्यात फांदी ३ सेंमी खोल ठेवा आणि माती दाबा. फांदी तशीच खुपसली तर पावडर वरच निघून जाते. किमान दोन पेरे मातीत गेली पाहिजेत.

जागा उजेडाची, पण थेट उन्हाची नाही. तापमान २१ ते २५ अंश सेल्सिअस असले तर उत्तम. हवा फार कोरडी असेल तर तोंड उघडे असलेली पारदर्शक बाटली वर ठेवा. फवारणी रोज करू नका, मिश्रण वरून कोरडे दिसू लागले की ट्रेमध्ये पाणी ओतून खालून शोषू द्या आणि उरलेले काढून टाका. दोन ते चार आठवड्यांत मुळे येतात. ओढून पाहू नका. शेंड्याला नवी पाने आली की मुळे आली असे समजा. मग ३-४ इंची कुंडीत हलवा, आठवडाभर सकाळचे दोन तास ऊन द्या आणि ते हळूहळू वाढवा. पहिला शेंडा याच वेळी खुडा.

दहा लावल्या तर दहाही जगतील असे समजू नका. सहा-सात जगल्या तरी काम चांगले झाले.

प्रश्न : पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे ठिपके आणि आजूबाजूला मुंग्या आहेत.

पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. थोडे असतील तर कापसाचा बोळा रबिंग अल्कोहोलमध्ये (जखम पुसायच्या स्पिरिटमध्ये) बुडवून एकेक पुसून काढा. जास्त असतील तर तेवढ्या फांद्या कापून पिशवीत बांधून टाका आणि उरलेल्या झाडावर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडा द्रवरूप साबण मिसळून फवारा. आधी दोन-तीन पानांवर मारून एक दिवस वाट पाहा, लवदार पाने कधी कधी तेलाने करपतात. फवारणी ऊन उतरल्यावर आणि आठवड्याच्या अंतराने तीन वेळा, कारण अंड्यांतून निघणारी पिल्ले पहिल्या फवाऱ्यातून सुटलेली असतात. मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय ही कीड जात नाही. त्या मिलीबगचा गोड स्राव खातात आणि त्याच्या शत्रूकीटकांना हुसकावतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा, पाणी विटेच्या वर जाऊ देऊ नका.

प्रश्न : हीच विष्णुक्रांता का? औषधाला वापरता येईल?

नाही. विष्णुक्रांता म्हणजे इव्हॉल्व्हुलस अल्सिनॉइडिस, याच प्रजातीतली पण वेगळी जात. तिच्या फांद्या दोऱ्यासारख्या बारीक आणि फुले एक सेंमीहून लहान असतात. गोकर्णालाही काही जण विष्णुक्रांता म्हणतात, पण तो तर शेंगवर्गीय वेल आहे. शोभेचे झाड पोटात घेऊ नका. रोपवाटिकेत त्याच्यावर कीटकनाशके मारलेली असतात, हे वेगळेच.

प्रश्न : आमच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठते. तिथे हे चालेल?

जमिनीत नाही, ते गोठणाऱ्या थंडीने मरते. कुंडीत लावून रात्रीचे तापमान १० अंशांखाली जाऊ लागले की आत आणा, सर्वांत उजेडाच्या खिडकीत ठेवा आणि माती निम्मी वाळल्याशिवाय पाणी देऊ नका. हिवाळ्यात फुलांची अपेक्षा धरू नका.

जमिनीत कायमचे बुटके निळे झाड हवे असेल तर कॅम्पॅन्युला कार्पॅटिका लावा. उंची १५ ते ३० सेंमी, वाट्यांसारखी ३ ते ५ सेंमीची फुले. गोठणाऱ्या थंडीला ते दाद देत नाही, उलट दमट उन्हाळा आणि उबदार रात्री याला मानवत नाहीत. बी धुळीसारखे बारीक असते. ओल्या मिश्रणावर नुसते पसरा, वर माती घालू नका, उगवायला उजेड लागतो. १८ ते २१ अंशांत दोन ते चार आठवड्यांत उगवते. फुले बहुधा दुसऱ्या वर्षी. रोपे ३० सेंमीवर लावा. इथे वाळलेली फुले खुडावी लागतात, त्याने बहर लांबतो. गोगलगाई पानांवर तुटून पडतात, त्यांना रात्री टॉर्च घेऊन वेचा.

उन्हाळा संपता संपता निळे काही हवे असेल तर सेराटोस्टिग्मा प्लंबॅजिनॉइडिस, निळ्या चित्रकाचा बुटका नातलग. २० ते ३० सेंमी उंच, शरद ऋतूत पाने लाल होतात. जमिनीखालच्या खोडांनी तो पसरतो, म्हणून रॉकरीत नाजूक झाडांशेजारी नको, बॉर्डरच्या एका टोकाला बरा. वसंतात तो फार उशिरा फुटतो. मेला समजून लोक ती जागा खणतात, तेव्हा लावतानाच तिथे खुंटी ठोकून ठेवा.